फुकट असतंय, पण घ्यायला जाणार कोण?

तुम्हाला म्हणून सांगते, बाहेर बोलू नका. शेजारच्या आक्कांच्या पीजीचं चेंबर तुंबलं. प्लंबरने आत काठी घालून जे बाहेर काढलं ते बघून आक्कांनी तोंडाला पदर लावला, तो माझ्या कंपाउंडशी येईपर्यंत काढला नाही.

"सिस्टर, अगं ए सिस्टर! जरा भित्तीपाशी ये."

मी पुण्याच्या पालिकेच्या दवाखान्यात नर्स होते. निवृत्त होऊन जमाना झाला, तरी खराडीत मला अजून सगळे सिस्टरच म्हणतात. आमच्या दोघींमध्ये छातीएवढी भिंत आहे. अलीकडे माझा कढीपत्ता, पलीकडे आक्कांचा पीजी. आक्का मूळच्या गावातल्या. ईऑन आयटी पार्क यायच्या आधी इथे त्यांची ज्वारी उभी असायची, आता तीन मजले उभे आहेत. खाली आक्का, वर कॉलेजची पोरं. एका विंगेत मुलगे, दुसरीत मुली, मध्ये लोखंडी दार, दाराला कुलूप आणि किल्ली आक्कांच्या कमरेला.

"काय झालं, आक्का?"

"काय व्हायचंय! त्यो प्लंबर म्हनतो, आजी, तुमच्या पोरांनी फुगं टाकल्यात. मी म्हनलं, फुगं? कुनाचा वाढदिवस न्हाय, काय न्हाय. तर त्यो गालातल्या गालात हसाया लागला. मग वाकून बघितलं. अगं बया बया!"

"कुठल्या विंगेचं चेंबर?"

आक्कांनी इकडेतिकडे बघितलं, भिंतीवर कोपरं टेकली आणि आवाज एकदम खाली आणला. "तेच तर सांगतीय. पोरींच्या."

मी म्हटलं, "मग चांगलंच झालं की."

आक्कांनी माझ्याकडे असं बघितलं, की आता पलीकडून कढीपत्तासुद्धा मागणार नाहीत. "चांगलं? ह्यात चांगलं काय झालं, बाई?"

"वापरतायत ना! न वापरलेल्या बघितल्यात मी दवाखान्यात. आईबापापासून लपवत, ओढणीत तोंड खुपसून यायच्या. तुमचं बिल प्लंबरवर भागलं. चुकलं असेल तर एवढंच, की संडासात टाकलं. रबर आहे ते, विरघळणार थोडंच? कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकायचं असतं. तुमच्या बाथरूममध्ये झाकणाचा डबा आहे का?"

"न्हाय. डबा ठेवला की कोन उचलनार, म्हून न्हाय ठिवला."

"मग चेंबर तुंबणारच."

आक्कांनी उद्याच्या उद्या सगळ्या पोरींना बाहेर काढायचं जाहीर केलं. मी गप्प बसले. एका कॉटचं भाडं, गुंतलेलं डिपॉझिट आणि तोंडावर आलेली सेमिस्टर परीक्षा, एवढा हिशेब आक्का मनातल्या मनात किती वेळात करतात ते मला ठाऊक आहे. हिशेब झाला आणि विषय बदलला.

"पर ह्यांना मिळतं कुठनं गं? मेडिकलात मागताना जीभ कशी रेटती?"

मेडिकलमध्ये जातंय कोण आता? मोबाइलवर बोट दाबलं की दहा मिनिटांत गेटवर पिशवी येते, दुधाबरोबर, चिप्सबरोबर. वॉचमनला वाटतं मॅगी आली. पण त्याला पैसे पडतात, आणि महिनाअखेरीला पोरांकडे वडापावचे वांधे असतात. म्हणून मी आक्कांना म्हटलं, सरकारी दवाखान्यात हे फुकट मिळतं.

"फुकट?" आक्कांचा पदर खाली आला. फुकट म्हटल्यावर खराडीत कुणाचाही पदर खाली येतो. गुंठ्याचा भाव कितीही चढू दे.

फुकटच. पाकिटावर 'विक्रीसाठी नाही' असं छापलेलं असतं. पालिकेचे दवाखाने, सरकारी रुग्णालयं, एचआयव्हीची तपासणी आणि समुपदेशन होतं ती केंद्रं, ससूनमध्येसुद्धा आहे ना तसलं केंद्र, तिथे नाव-गाव, लग्न झालंय का, काहीही न विचारता द्यायचं असतं. द्यायचं असतं म्हणतेय मी. देतात कसं, ते मी आतून बघितलंय.

आमच्या दवाखान्यात ह्या पाकिटांची लाकडी पेटी होती, लाल त्रिकोण रंगवलेली. सुरुवातीला ती डॉक्टरांच्या टेबलाच्या मागे टांगलेली. म्हणजे हवं असेल त्याने आत यायचं, डॉक्टरांना वळसा घालायचा, माझ्यासमोरून हात लांब करायचा आणि पुन्हा वीस पेशंटच्या रांगेतून बाहेर जायचं. महिनोन् महिने पेटी भरलेलीच. वर अहवालात लिहून जायचं, 'मागणी नाही'. मग पावसाळ्यात ती भिंत पाझरायला लागली, म्हणून शिपायाने पेटी उचलून बाहेर जिन्याखाली लावली, पुरुषांच्या मुतारीकडे जायच्या बोळात. तिथला दिवाही गेलेला. सकाळी येऊन बघते तर पेटी रिकामी! पुन्हा भरली, पुन्हा रिकामी. नव्या डॉक्टरांना संशय, कुणीतरी चोरून विकतंय. मी म्हटलं, साहेब, वस्तू तीच, गाव तेच, फक्त बघणारं कुणी नाही.

आक्का हसल्या. "म्हंजी ताकाला जायाचं आन भांडं लपवायचं."

"भांडं लपवायला जागा तरी द्या म्हणते मी."

एवढ्यात वरून गॅलरीतून आमच्या ह्यांचा आवाज आला. ह्यांना एका कानाने ऐकू येत नाही असं डॉक्टर म्हणतात. तो कान कुठला ते बायकांच्या गप्पा चालू असताना कळत नाही. "निरोध आला तेव्हा पंधरा पैशांना तीन होते," म्हणाले. "१९६८ साल. लिप्टन, ब्रूक बाँड, लिव्हर ह्या कंपन्यांच्या माणसांनी चहा-साबणाबरोबर वाण्याच्या दुकानात पोचवला. त्याचं नाव आधी 'कामराज' ठेवायचं घाटत होतं म्हणतात. पण काँग्रेसचे कामराज होते ना तेव्हा! राहिलं ते."

"तुम्हाला बरं आठवतंय," मी म्हटलं. वरून पेपर चाळल्याचा आवाज आला, उत्तर आलं नाही.

आक्कांना निरोध आठवत होता, पण तो पोरांनी फुगवून गल्लीत उडवलेला. घरात कधी आला नाही. तिसऱ्या लेकरानंतर शिबिरात जाऊन ऑपरेशन केलं, आक्कांनीच. "ह्यांनी म्हनलं, गडीमानसाला शेतात काम असतं, ताकद जाती." अजूनही बहुतेक घरांत तेच चालतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत विवाहित बायकांपैकी ३७.९ टक्के जणींचं ऑपरेशन झालेलं, निरोध वापरणारी जोडपी ९.५ टक्के. आधीच्या पाहणीत ती ५.६ होती, म्हणजे वाढलीत म्हणायचं. आणि पुरुषांची नसबंदी? ०.३. ताकद सगळी शाबूत आहे.

"आपल्या वेळी लगीन झाल्यावर तरी व्हतं सगळं," आक्का म्हणाल्या. "ह्या पोरी कालिजात शिकाया आल्यात का..."

तेवढ्यात त्यांच्यातलीच एक पोरगी गेटमधून आत आली. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाची. पाठीला सॅक, कानात ती बोंडं. आक्का मध्येच थांबल्या, पण आक्कांचं थांबणंसुद्धा रस्त्यापलीकडे ऐकू जातं. पोरीने कानातलं काढलं. "चेंबरचं ना, आजी? कळलं. माझे नाहीत, पण सांगते सगळ्यांना."

ही नवी पिढी! माझे नाहीत म्हणून रडून गोंधळ नाही, माझे आहेत म्हणून मान खाली नाही. मी तिला थांबवून घेतलं आणि सरळ विचारलं, पालिकेच्या दवाखान्यात फुकट मिळतात, ठाऊक आहे का तुम्हाला?

"ठाऊक आहे ना, मावशी. पण तिथली ताई आधी गळ्याकडे बघते. मंगळसूत्र दिसलं नाही की, 'कुणासाठी हवंय?' मेडिकलवाला निदान विचारत नाही. वर्तमानपत्रात गुंडाळून, वर काळी पिशवी घालून असं देतो, की रस्त्यावरच्या प्रत्येकाला कळतं आत काय आहे. आणि दवाखान्यातून परत यायचं तर आजींच्या गेटवरूनच यावं लागतं."

आक्का कढीपत्त्याकडे बघायला लागल्या.

कॉलेजात काही सांगत नाहीत का, मी विचारलं. सांगतात म्हणाली. रेड रिबन क्लब आहे, एक डिसेंबरला रॅली निघते, लाल फिती वाटतात, पोस्टरची स्पर्धा होते. गेल्या वेळी तिला दुसरं बक्षीस होतं. पोस्टरवर 'सुरक्षित संबंध' असं लिहिलं होतं, तर मॅडमनी 'संयम' करायला लावलं. फिती मिळतात, निरोध मिळत नाहीत. मला मॅडमचा राग येत नाही. ह्याच महाराष्ट्रात २००७ साली आमदारांनी गदारोळ केला आणि शाळांतलं लैंगिक शिक्षण बंद करून टाकलं. ती तेव्हाची लेकरं आता मॅडम झाली असतील.

आणि प्राध्यापकाने ह्या विषयात तोंड उघडलं की काय होतं, ते आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वीच दिसलंय. रघुनाथ धोंडो कर्वे, आपल्या महर्षी कर्व्यांचे थोरले चिरंजीव. मुंबईच्या विल्सन कॉलेजात गणित शिकवायचे. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. लंडनमध्ये मेरी स्टोप्सबाईंचा दवाखाना निघाला तेही हेच वर्ष, म्हणजे आपण तेव्हा जगाच्या मागे नव्हतो हो! पुढे कॉलेजने सांगितलं, एक तर हे थांबवा नाहीतर नोकरी सोडा. १९२५ मध्ये नोकरी गेली. त्यांनी १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलं, वाचकांच्या असल्या-तसल्या प्रश्नांना सरळ उत्तरं दिली, म्हणून अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांच्या बाजूने उभे राहिले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. तरी दोनशे रुपये दंड झालाच. मासिक मात्र १९५३ मध्ये ते जाईपर्यंत चाललं. मॅडमना नोकरी सांभाळायची असते. 'संयम'च लिहिणार त्या.

"आन त्या मुंढव्याचं काय झालं गं?" आक्कांना बाबासाहेबांपेक्षा मुंढवा जवळचा. पुलापलीकडेच तर आहे, नदी ओलांडली की आलंच. २०२४ च्या डिसेंबरातली गोष्ट. तिथल्या हाय स्पिरिट्स नावाच्या पबने थर्टी फर्स्टच्या निमंत्रणाबरोबर पाहुण्यांना निरोधाचं पाकीट आणि ओआरएसची पुडी पाठवली. झालं! युवक काँग्रेसने थेट पोलीस आयुक्तांकडे तक्रार केली, पुण्याच्या संस्कृतीला हे शोभत नाही म्हणून. ज्यांना पाकिटं गेली त्यांचेही जबाब घेतले म्हणे. पबवाल्यांचं म्हणणं, निरोध वाटणं हा गुन्हा नाही.

"मला तर ओआरएसचं कळंना," आक्का म्हणाल्या. "जुलाबाचं औषध कशाला?"

"प्यायल्यावर अंगातलं पाणी कमी होतं, म्हणून."

"मंग त्याची तक्रार करायला पायजे व्हती! दारू पाजत्यात त्याचं काय न्हाय, आन फुग्याचा बोभाटा."

ह्या एका वाक्यासाठी आक्कांना माझ्या कढीपत्त्याच्या सगळ्या फांद्या माफ. माझं मत विचाराल तर पबवाल्यांची ती जाहिरातबाजी होती, समाजसेवा नव्हे. पण पाकीट खरं होतं आणि आतली वस्तू कामाची होती. तीच सरकार स्वतः वाटतं. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा निरोधावर शून्य टक्के कर लागला आणि आमच्या सॅनिटरी पॅडवर बारा. पॅडचा कर जायला २०१८ चा जुलै उजाडला. म्हणजे सरकारला निरोध गरजेचा वाटतो. तरी त्याच २०१७ च्या डिसेंबरात त्याच सरकारने टीव्हीला सांगितलं, जाहिराती रात्री दहा ते सकाळी सहा. करमुक्त आहे, पण उजेडात दाखवू नका. आमच्या जिन्याखालच्या पेटीसारखंच.

गॅलरीतून पुन्हा आवाज आला. "जेएनयूचे तीन हजार सांग त्यांना."

२०१६ मध्ये राजस्थानातले आमदार ज्ञानदेव आहुजा ह्यांनी सांगितलं होतं, की दिल्लीच्या त्या विद्यापीठात रोज तीन हजार वापरलेले निरोध सापडतात. शिवाय हाडं पन्नास हजार, सिगारेटची थोटकं दहा हजार. आक्कांनी एकच विचारलं, "मोजलं कुनी?" आमच्या दवाखान्यात लसींच्या बाटल्या मोजायलासुद्धा दोन माणसं आणि एक सही लागायची. इथे कुणीतरी चिमटा घेऊन बसलं असणार रोज! हसण्यावारी नेतोय आपण, पण असल्या आकड्यांमुळे झालं काय, की कॉलेजातला निरोध म्हटलं की लोकांना कचराच दिसतो. वापरलेला सापडला तर बदनामी. न वापरता जे होतं त्याची बातमीच होत नाही, ते ओढणीत तोंड लपवून येतं.

पोरगी म्हणाली, "मावशी, फ्रान्समध्ये २०२३ पासून सव्वीसच्या आतल्या सगळ्यांना औषधाच्या दुकानात फुकट आहेत."

"तिथं आजी न्हाईत गेटवर," आक्का चटकन म्हणाल्या. ह्यावर मात्र तिघीही हसलो.

आपल्याकडेही वाटायला निघतात, पण वाटणाऱ्याचे हाल. २०११ पासून आशाताई घरोघरी निरोध नेतात, तिनाच्या पाकिटामागे एक रुपया घ्यायचा. २०२२ मध्ये बुलढाण्याकडे आशांच्या कुटुंबनियोजनाच्या किटमध्ये प्रात्यक्षिकासाठी पुरुषी अवयवाचा रबरी नमुना आला. केवढा गहजब! आता आम्ही नर्सिंगला होतो तेव्हा केळं घेऊन शिकवायचे, आणि गावातल्या एका म्हाताऱ्याने घरी जाऊन केळ्यालाच चढवून ठेवलं हा विनोद प्रत्येक दवाखान्यात स्वतःच्याच गावचा म्हणून सांगतात. म्हणून नमुना बरा. पण खेड्यातल्या बाईच्या पिशवीत तो नमुना टाकून, तिला पारावरच्या लोकांपुढून एकटीला पाठवायचं, हे ज्याने ठरवलं त्याने स्वतः ती पिशवी एकदा गावातून मिरवावी.

पोरगी वर निघाली होती. मी तिला भिंतीवरूनच दोन गोष्टी सांगून टाकल्या, सवय जात नाही. पाकिटावरची तारीख बघायची. पैशाच्या पाकिटात, गाडीच्या डिकीत महिनोन् महिने ठेवायचं नाही, उन्हाने रबर जातं. खोबरेल, व्हॅसलीन काही लावायचं नाही, तेलाने ते फाटतं. नीट वापरलं तर वर्षभरात शंभरातल्या अठ्ठ्याण्णव जणींना दिवस जाण्यापासून राखतं, पण माणसं जशी धसमुसळेपणाने वापरतात तशी धरली तर सत्त्याऐंशी. आणि ती ७२ तासांतली गोळी अडीनडीची आहे, जितकी लवकर घेतली तितकी बरी. पण दर महिन्याला चण्यासारखी खायची नाही, आणि तिने रोग अडत नाहीत. काही शंका आली तर १०९७ ला फोन करायचा, तोंड दाखवावं लागत नाही. आणि समजा चुकलंच, तर कुठल्या तरी बोळातल्या डॉक्टरकडे जायचं नाही. २९ सप्टेंबर २०२२ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलंय, गर्भपाताच्या कायद्यात लग्न झालेली आणि न झालेली असा फरक करता येणार नाही.

"कोर्टानं सांगितलं?" आक्कांनी विचारलं.

"हो."

"लगीन न झालेलीला बी?"

"हो, आक्का."

आक्का जरा वेळ गप्प राहिल्या. कमरेची किल्ली चाचपली. पोरगी जिन्यावरून वर गेलेली दिसल्यावर म्हणाल्या, "डबा ठिवते उद्या. झाकनाचा. धा डबं लागतील."

"आणि पेटी?"

"पेटी कसली?"

"दवाखान्यातून मी आणून देते पाकिटं, ओळख आहे अजून. तुम्ही नुसती टांगायची जिन्यात."

"काय येडी का खुळी तू! उद्या कुनाचा बाप आला आन बघितलं तर? म्हनंल म्हातारीनं काय धंदा मांडलाय!" मग पुन्हा आवाज खाली. "पोरांच्या विंगेत येकवेळ चालंल."

"चेंबर पोरींचं तुंबलं होतं."

"ते बी खरंच." आक्कांनी गालावर बोट ठेवलं. पेटी बघितल्यावर बापाला कळणार, म्हणून पेटी नको. कपाटात ठेवलं तर पोरींना आक्कांकडे मागावं लागणार, म्हणजे गळ्याकडे बघणाऱ्या ताईचीच गत. पाण्याच्या फिल्टरवर ठेवावं तर स्वयंपाकवाली मावशी अख्ख्या चंदननगरला सांगणार. बराच खल झाला. मग आक्का म्हणाल्या, "जिन्यात तक्रारपेटी हाय की! पोरानं लावली, नियम हाय म्हून. कुनी चिठ्ठी टाकत न्हाय. तिचं कुलूप काढते आन तू त्यातच टाक. पोरीला सांगून ठिव, ती सांगंल बाकीच्यांना."

"आणि एखादीने खरंच तक्रार टाकली तर?"

"टाकू दे की. दुसरी कसली असनार? पानी येत न्हाय हीच. टँकर सांगितलाय म्हनावं, सकाळच्याला येतोय."